पावतीवरचा ‘ऐच्छिक’

महाराष्ट्र शासनाचा ९ ऑगस्ट २००१ या तारखेचा एक आदेश आहे. गृहनिर्माण सोसायटीतला फ्लॅट एका सभासदाकडून दुसऱ्याकडे जाताना सोसायटीनं जास्तीत जास्त किती ‘अधिमूल्य’ घ्यावं, एवढाच त्याचा विषय. लोक याला अधिमूल्य म्हणत नाहीत, ‘ट्रान्स्फर फी’ म्हणतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९-अ नं शासनाला सार्वजनिक हितासाठी सहकारी संस्थांना निर्देश देता येतात, त्या अधिकाराखाली तो निघाला. त्यातला दरांचा तक्ता पाच ओळींत मावतो. महानगरपालिका आणि प्राधिकरणांच्या हद्दीत कमाल २५,००० रुपये, ‘अ’ वर्ग नगरपालिकेत २०,०००, ‘ब’ वर्गात १५,०००, ‘क’ वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायतीत ५,०००. पुणे अर्थात पहिल्या ओळीत.

तक्ता वाचला की कागद खाली ठेवावासा वाटतो. इतिहास लिहिणाऱ्याच्या कामाचा ऐवज मात्र त्याच्या पुढं आहे. देणगी म्हणून, दुसऱ्या एखाद्या निधीची वर्गणी म्हणून किंवा अन्य कोणत्याही सबबीखाली विकणाऱ्याकडून अथवा घेणाऱ्याकडून जादा रक्कम घेऊ नये, असं तिथं बजावलेलं आहे. जुन्या कागदांत वावरणाऱ्यांना ही खूण ओळखीची असते. ताकीदपत्र कुणी उगाच लिहीत नाही. अमुक घेऊ नये असा हुकूम सापडला, की अमुक घेतलं जात होतं हे धरून चालायला हरकत नसते. ‘अन्य कोणत्याही सबबीखाली’ हे शब्द ज्यानं लिहिले, त्याच्या टेबलावर तक्रारींचा गठ्ठा असणार आणि त्यात सबबींचे नाना प्रकार असणार. त्या गठ्ठ्याचं सार या तीन शब्दांत उरलं आहे.

त्याच्या आधी आठच दिवस, १ ऑगस्ट २००१ ला, दुसरा एक आदेश निघाला होता. फ्लॅट भाड्यानं दिला म्हणून सोसायट्या जे ‘बिनभोगवटा शुल्क’ लावतात, त्यावरचा. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेऊ नये आणि सेवाशुल्क मोजताना महापालिकेचे कर त्यात धरू नयेत, असं त्यात ठरवून दिलं. एका पंधरवड्यात दोन आदेश, दोन्हींत दर बांधून दिलेला. सोसायट्यांच्या वसुलीचं प्रकरण तेव्हा कुठवर गेलं होतं, ते या दोन तारखा शेजारी ठेवल्या की कळतं. मुंबईच्या मॉन्ट ब्लांक सोसायटीनं भाड्यावरची ही मर्यादा उच्च न्यायालयात आव्हान देऊन पाहिली. २००७ मध्ये न्यायालयानं आदेश उचलून धरला.

आता थोडं मागं जायला हवं, कारण ट्रान्स्फर फी ही काही लुटीची कल्पना म्हणून जन्माला आलेली नाही. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिच्यामागचं नाव. तिची कल्पना भागीदारीची होती. जमीन आणि इमारत संस्थेची. सभासदाकडं भाग आणि राहण्याचा हक्क. या रचनेत घर ‘विकणं’ हा शब्दच थोडा चुकीचा ठरतो, कारण सभासद जे देतो ते भाग आणि हक्क. मग त्या हक्काची किंमत वाढली तर ती वाढ कुणाची? रस्ता झाला, पाणी आलं, शेजार चांगला निघाला, शहर सरकत सरकत दारापर्यंत आलं, यात एकट्या सभासदाची कर्तबगारी कितीशी? संस्थेनं या वाढीतला लहानसा वाटा मागावा, हे तर्काला धरून होतं. पुण्यातल्या प्लॉटच्या जुन्या सोसायट्यांत, जिथं जमीन संस्थेच्या नावावर आणि सभासद भाडेपट्ट्यानं बसलेला, तिथं तर ते अधिकच पटण्यासारखं. अधिमूल्याची मुळं इथं आहेत. त्याचा चोरीशी संबंध नाही.

मूळ तर्कावर पुढं काय चढलं ते पाहण्यासाठी एका विक्रीचे कागद क्रमानं मांडून बघावेत. इथली रक्कम नमुन्यादाखल घेतो. नियम मात्र खरे आहेत.

कोथरूडमध्ये साठ लाखांना फ्लॅट विकला जातोय असं समजा. आदर्श उपविधींप्रमाणं सोसायटीला मिळायचं हस्तांतरण शुल्क ५०० रुपये. नव्या सभासदाचं प्रवेश शुल्क १०० रुपये. अधिमूल्य सर्वसाधारण सभेनं ठरवलं असेल तेवढं, पण जास्तीत जास्त २५,०००. एकूण २५,६००. कुटुंबातल्या कुटुंबात हस्तांतर असेल तर अधिमूल्य नाहीच. हा कायद्याचा हिशेब. आता सभेत कुणी तरी म्हणतो, ‘किमतीच्या एक टक्का घेऊ, पलीकडच्या सोसायटीत तेवढंच घेतात.’ एक टक्का म्हणजे साठ हजार. आता २५,००० ची एक पावती फाडायची आणि उरलेल्या ३५,००० ची दुसरी. या दुसऱ्या पावतीवर खात्याचं नाव येतं, इमारत निधी, रंगकाम, कल्याण निधी असं काही तरी. आणि त्याच्या अलीकडं एक विशेषण येतं: ऐच्छिक.

सोबत बहुधा एक पत्रही घेतलेलं असतं. ‘मी माझ्या खुशीनं, कोणत्याही दबावाशिवाय ही देणगी देत आहे.’ ज्याच्या खुशीबद्दल कुणालाच शंका नाही, त्याच्याकडून खुशी लिहून घ्यायची गरज पडत नाही. गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर कुणी ‘दबावाशिवाय’ असं छापलेलं मी पाहिलेलं नाही, आणि तिथं दबाव नसतो असंही म्हणवत नाही.

ही खुशी तपासायला तारखा कामी येतात. पावतीची तारीख आणि समितीनं हस्तांतर मंजूर केल्याच्या ठरावाची तारीख शेजारी ठेवायची. दोन्ही एकाच आठवड्यातल्या निघाल्या, की देणगी कशाच्या बदल्यात आली ते वेगळं सांगावं लागत नाही. सोसायटीत दहा वर्षं राहिलेल्या माणसाला नेमकं घर सोडायच्या आठवड्यात जिन्याच्या रंगाची माया यावी, हा योगायोग एकदा मान्य करता येतो. पावती पुस्तकात तो ओळीनं सहा वेळा दिसला तर नाही.

मग माणूस देतो का? उपविधी सांगतात की भाग हस्तांतरित करायला सोसायटीच्या ना हरकत दाखल्याची गरज नाही. कायदा सांगतो की सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जाईल. पण घेणाऱ्याची बँक ‘एनओसी’ मागते, विकणाऱ्याला पुढच्या घराचा हप्ता भरायचाय, आणि भाग दाखल्याच्या मागच्या बाजूला सचिवाची सही आणि शिक्का हवाय. तीन महिने थांबणं दोघांनाही परवडणारं नसतं. इथं सोसायटीच्या हातात असते ती फक्त वेळ, आणि पस्तीस हजार जातात ते त्या वेळेचे.

या वसुलीकडं बारकाईनं पाहिलं ते प्राप्तिकर खात्यानंही. आणि त्यातला गाजलेला खटला पुण्याचा आहे. सिंध को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी विरुद्ध प्राप्तिकर अधिकारी, पुणे. औंधाहून बाणेर रस्त्यानं जाणाऱ्याला सिंध सोसायटी माहीत नाही असं होत नाही. अधिकाऱ्याचं म्हणणं सरळ होतं: ट्रान्स्फर फी हे सोसायटीचं उत्पन्न आहे, त्यावर कर भरा. सोसायटीचं उत्तर जुन्या इंग्रजी न्यायतत्त्वावर उभं होतं. आपल्याच लोकांनी आपल्याच सोयीसाठी पैसे एकत्र केले तर त्यातून नफा होत नाही, कारण स्वतःकडून कुणी नफा कमावू शकत नाही. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १८८९ मध्ये न्यूयॉर्क लाइफ या विमा कंपनीच्या खटल्यात हे मान्य केलं होतं आणि पुढं भारतातल्या क्लबांनीही त्याचा पुष्कळ आधार घेतला. कायद्याच्या मराठीत त्याला पारस्परिकतेचं तत्त्व म्हणतात. आपल्याकडची भिशी डोळ्यासमोर आणली तरी चालेल.

यावर करखात्यानं जो मुद्दा काढला तो मला या सगळ्या कागदांतला सर्वांत बोलका वाटतो. विकणारा सभासद आहे, मान्य. पण घेणारा पैसे देतो तेव्हा तो अजून सभासद झालेला नसतो, बाहेरचा असतो. मग पारस्परिकता कुठली? मुंबईच्या वाळकेश्वर त्रिवेणी सोसायटीच्या प्रकरणात प्राप्तिकर न्यायाधिकरणाच्या विशेष पीठानं हा भेद स्वीकारला होता.

सिंध सोसायटीच्या अपिलाचा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं १७ जुलै २००९ ला दिला. सोसायटी जिंकली. न्यायालयानं म्हटलं की घेणाऱ्यानं पैसे आधी दिले तरी सोसायटी ते आपल्या खात्यात घेते ती त्याला सभासद करून घेतल्यावर. सभासदत्व नाकारलं तर पैसे परत जातात. पैसा सभासदांच्या सामाईक सोयींसाठीच खर्च होतो आणि त्यात व्यापार नाही. तेव्हा कर नाही. पुण्यातल्या सोसायट्यांना हायसं वाटावं असाच निकाल होता.

पण त्याच निकालात एक बारीक काटा आहे. उपविधी किंवा शासनाचे निर्देश यांच्यापेक्षा जास्त रक्कम घेतली असेल तर ती परत करायला सोसायटी बांधील आहे. आणि परत न करता ठेवून घेतली तर ती नफेखोरी होईल आणि मग तिच्यावर करही लागेल. म्हणजे ज्या दुसऱ्या पावतीला समिती ‘देणगी’ म्हणत होती, तिच्यापुढं आता दोनच वाटा उरल्या: एक तर ती रक्कम ज्याची त्याला द्या, नाही तर नफा म्हणून कबूल करा. करमुक्तीसाठी सोसायटी कोर्टात गेली आणि बाहेर पडताना निकालात सभासदांच्या हक्काचंही एक वाक्य आलं. त्या वाक्याचा उपयोग किती सभासदांनी केला असेल हा वेगळा प्रश्न. प्राप्तिकराचा निकाल वकील आणि सीए वाचतात. घर बदलणारा माणूस टेम्पोवाला शोधत असतो.

नऊ वर्षांनी, १२ मार्च २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयानं व्यंकटेश प्रिमायसेस सोसायटीच्या प्रकरणात हीच भूमिका कायम केली. २००१ चा आदेश गृहनिर्माण सोसायट्यांना लागू आहे, व्यापारी गाळ्यांच्या संस्थांना नाही, एवढा खुलासाही केला.

त्याच वर्षीच्या जुलैत पुन्हा पुण्याचं नाव आलं. अलंकार सहकारी गृहरचना संस्थेची याचिका उच्च न्यायालयात न्या. एम. एस. सोनक यांच्यापुढं होती. इथं करखातं नव्हतं, सोसायटी आणि पैसे देणारा हेच समोरासमोर होते, आणि वाद २५,००० च्या वर देणगी म्हणून गेलेल्या रकमेचा होता. सोसायटीचं म्हणणं, पैसे स्वेच्छेनं दिले. न्यायालयानं ते ऐकलं नाही. गृहनिर्माण सोसायटीनं नफेखोरी करायची नसते, आणि जी मर्यादा सरळ ओलांडता येत नाही ती ‘ऐच्छिक देणगी’ या नावानंही ओलांडता येणार नाही. याचिका फेटाळली गेली.

२००१ च्या आदेशातली ‘अन्य सबब’ आणि २०१८ च्या निकालातली ‘स्वेच्छा’ यांच्यात सतरा वर्षं आहेत. या काळात आदेश तोच, मर्यादा तीच, पळवाट तीच. समितीच्या बाजूनंही थोडं बोललं पाहिजे, कारण बहुतेक ठिकाणी तिथं बसलेली माणसं चोर नसतात. सचिव बिनपगारी असतो, निवृत्त असतो, रात्री अकराला गळक्या पाइपसाठी त्याची बेल वाजते. ऐंशीच्या दशकातल्या इमारतीची गच्ची गळते, लिफ्ट जुनी झालेली असते. निक्षेप निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का जमा करायला उपविधी सांगतात, पण मासिक वर्गणी दोनशे रुपयांनी वाढवायचा विषय निघाला की वार्षिक सभेत जी बाचाबाची होते, ती पाहिलेल्या माणसाला देणगीचा मोह समजू शकतो. सभेतले सगळे हात एका गोष्टीला एकदम वर होतात: जो इथून चाललाय त्याच्याकडून घ्या.

नेमकं इथंच करखात्याचा हरलेला मुद्दा मला आठवतो. घेणारा अजून सभासद नाही, असं अधिकारी म्हणत होता. कायद्यानं तो चुकला. सोसायटीच्या आतल्या राजकारणात मात्र त्याचं म्हणणं शब्दशः खरं आहे. ज्या सभेनं देणगीचा दर ठरवला त्या सभेत घेणाऱ्याला मत नव्हतं, आणि देणाऱ्याला मत होतं तेव्हा तो विकणारा नव्हता. तेव्हा त्यानंही बहुधा हात वरच केला असेल. मत नसलेल्या माणसावर कर बसवायचा आणि त्यालाच तो खुशीचा आहे असं लिहून द्यायला लावायचं, हे सहकारात बसत नाही. दुरुस्तीचा खर्च सगळ्यांचा आहे, तर तो सगळ्यांच्या बिलात यावा. पंचवीस हजारांची मर्यादा २००१ ची आहे, ती जुनी झाली असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी समजू शकतो, पण मर्यादा वाढवायची मागणी शासनाकडं करायची असते. ती पावती पुस्तकात वाढवता येत नाही.

या वसुलीला अपहार म्हणायचं का? कागदांच्या दृष्टीनं दोन्हींची जात वेगळी. अपहारात कागद कमी पडतात: व्हाउचर नसतं, बँकेच्या शिलकेशी किर्द जुळत नाही, इतिवृत्ताची दोन पानं नेमकी फाटलेली असतात. जादा वसुलीत कागद भरपूर असतात आणि सगळे नीटनेटके. पावती आहे, ठराव आहे, खतावणीत नोंद आहे, लेखापरीक्षकाची सहीसुद्धा आहे. म्हणून ती जास्त दिवस टिकते. लेखापरीक्षक बेरीज तपासतो आणि बेरीज बरोबरच असते. आक्षेप काढलाच तर सोसायटीनं नमुना ‘ओ’ मध्ये दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा असतो, आणि त्यात ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ या वाक्यावर बऱ्याच गोष्टी मिटतात. पण एक धोका राहतोच. सभेत दर न ठरलेल्या, खात्याचं नाव दर वर्षी बदलणाऱ्या देणगीतून एक वेगळा गल्ला तयार होतो, ज्यावर सभासदांचं लक्ष नसतं कारण तो त्यांच्या खिशातून आलेला नसतो. पहिल्या जातीचे कागद याच गल्ल्याच्या आसपास सापडायला लागतात. तिथवर गेलं की कलम ८३ ची चौकशी आणि कलम ८८ खाली समितीच्या सदस्यांवर नुकसानीची वैयक्तिक जबाबदारी, ही लांबची वाट सुरू होते.

वाटांची लांबी सारखी नाही, हेही नोंदवायला हवं. सभासदानं मासिक वर्गणी थकवली तर सोसायटी वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावू शकते आणि निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळवून जप्तीपर्यंत जाऊ शकते. सोसायटीनं जादा घेतलेले पैसे सभासदाला परत हवे असतील तर त्याला असा दाखला मिळत नाही. त्यानं सहकार न्यायालयात वाद दाखल करायचा, मग अपील न्यायालय, मग अलंकारसारखं उच्च न्यायालय.

आणि हे सगळं करायला हाताशी कागद हवेत. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या थलप्पलम सहकारी बँकेच्या निकालात स्पष्ट केलं की सहकारी संस्था केवळ कायद्याखाली नोंदल्या गेल्या म्हणून माहिती अधिकाराखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाहीत. सोसायटीच्या सचिवाला माहिती अधिकाराचा अर्ज पाठवणाऱ्या पुणेकराला तेव्हापासून हेच उत्तर मिळतं. त्यानं जायचं ते सहकार कायद्यातून: स्वतःशी संबंधित नोंदी पाहण्याचा आणि शुल्क भरून नकला घेण्याचा हक्क तिथं आहे. समिती दप्तर देत नसेल तर ते ताब्यात घेण्याचा अधिकार निबंधकाला कलम ८० नं दिला आहे. प्रत्यक्षात दप्तर म्हणजे सचिवाच्या घरातलं एक लोखंडी कपाट. समिती बदलली की कपाट एका फ्लॅटमधून दुसऱ्या फ्लॅटमध्ये जातं, आणि प्रत्येक स्थलांतरात एखादी फाइल कमी होते.

त्या कपाटात एक वही सहसा शाबूत राहते, कारण तिच्यावाचून कुणाचंच भागत नाही. नमुना ‘आय’, सभासद नोंदवही. प्रत्येकाला एक पान. नाव, पत्ता, वय, व्यवसाय, प्रवेश शुल्क भरल्याची तारीख, वारसदार, भागांचा तपशील. सिंध सोसायटीच्या निकालानं सांगितलेली जादा रक्कम परत करायची एखाद्या समितीनं मनावर घेतली, तर तिला हीच वही उघडावी लागेल. ज्याचे पैसे द्यायचे त्याच्या पानावर सभासदत्व संपल्याची तारीख लिहिलेली असेल, पुढं संपण्याचं कारण असेल: हस्तांतर. पत्त्याच्या रकान्यात त्याच सोसायटीतला फ्लॅट नंबर असेल, जिथं आता दुसरं कुणी राहतं. नवा पत्ता लिहायला त्या पानावर रकाना नाही.